हाताखालचं शिक्षण

गिलाव्याचा थर भिंतीवर चढला, पट्टीने सारखा केला, की त्यावर लाकडी रंधा नेमका केव्हा फिरवायचा? वीट किती पाणी प्यायली होती, वाळू ओली होती की कोरडी, भिंत उन्हात आहे की सावलीत, वारा सुटलाय का, यावर ते ठरतं. घाई केली तर माल घसरतो. वेळ टळली तर रंध्याखाली वाळू सुटू लागते आणि पृष्ठभाग खरबरीत राहतो. जाणता गवंडी गिलाव्यावर बोट टेकवतो आणि ठरवतो. त्या बोटाला काय कळलं ते त्याला शब्दांत सांगायला लावलं, तर तो बहुधा शेजारच्या पोराला म्हणेल, "तूच लाव हात." बांधकामाच्या धंद्यातलं बहुतेक शिक्षण असंच झालेलं आहे. भिंत तीच, वेळ तीच आणि एकाच्या बोटाशेजारी दुसऱ्याचं बोट.

हे पुस्तक त्या शिक्षणाबद्दल आहे. घरं, पूल, धरणं बांधणारी माणसं आपलं काम कुणाकडून शिकली, या प्रश्नाला साइटवर एकच उत्तर मिळतं: "अमक्याच्या हाताखाली." हा अमका कधी बाप किंवा मामा असतो, कधी गावचा मिस्त्री, तर कधी नाक्यावर ओळख झालेला, दुसरीच भाषा बोलणारा माणूस. शाळेचं नाव क्वचितच येतं. या क्षेत्रात अनेक वर्षं वावरल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. हाताखाली घेऊन शिकवणं हेही काम आहे. त्याला वेळ लागतो, माल वाया जातो, शिकवणाऱ्याचा स्वतःचा वेग उतरतो, आणि या कामाचा रोज आपल्याकडे सहसा कुणी देत नाही. आज कारागिरी घटली अशी तक्रार ऐकू येते तिच्या मुळाशी बऱ्याच अंशी हा न दिलेला रोज आहे. पुढच्या पानांत जे आहे ते मी या मताच्या उजेडात वाचलं. वाचकाचं मत वेगळं पडलं तरी हरकत नाही.

नव्या वाचकासाठी आधी साइटवरची शिडी सांगतो. मुलगा येतो तो बिगारी म्हणून. घमेली वाहणं, वाळू चाळणं, विटा भिजवणं, माल कालवणं ही त्याची पहिली कामं. बाहेरच्याला ही निव्वळ हमाली वाटते, पण माल कालवतानाच त्याला पाण्याचा अंदाज येतो. सिमेंट-वाळूच्या एकास चार आणि एकास सहा यांतला फरक त्याच्या फावड्याला कळतो, आणि गवंडी कोणत्या कामाला कोणता माल मागतो हेही ध्यानात राहतं. मग केव्हातरी जेवणाच्या सुट्टीत तो करणी उचलतो. गवंड्याने ती हिसकावून घेतली नाही, तर शिक्षण सुरू झालं म्हणायचं. पुढे विटांमधल्या दरजा भरणं, मग थर लावणं. वीटकामात कोपरे नेहमी मुख्य गवंडी उभारतो. ओळंबा आणि गुण्या लावून दोन्ही टोकांना चार-पाच थर चढवतो आणि मधे दोरी ताणतो; शिकाऊ हात त्या दोरीच्या आधाराने मधला भाग भरतात. या साध्या रचनेत मोठं शहाणपण आहे. शिकणाऱ्याला खऱ्या भिंतीवर काम मिळतं, पण भिंत वाकडी जाण्याइतकी मोकळीक मिळत नाही. चूक झाली की वीट दोरीला टेकते आणि तिथल्या तिथे दिसते. कुणी ओरडायची गरज पडत नाही. ज्या दिवशी कोपरा त्याच्याकडे सोपवला जातो, त्या दिवसापासून त्याला मिस्त्री म्हणायला लागतात. काही जण आयुष्यभर कोपऱ्यापर्यंत पोचत नाहीत, आणि त्याचं कारण दर वेळी हाताची कुवत हे नसतं.

आपल्याकडे या शिक्षणाचा इतिहास जातीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. सुतारकाम सुताराच्या घरात, दगड घडवणं पाथरवटाच्या, चुना आणि बांधणी बेलदाराच्या, खोदाई आणि खाणीतला दगड वडाराच्या. 'मयमत'सारखे संस्कृत वास्तुग्रंथ स्थपती, सूत्रग्राही, तक्षक आणि वर्धकी असे चार कारागीर सांगतात आणि त्यांची उतरंडही ठरवून देतात. म्हणजे ज्ञानाची विभागणी कागदावरही होती. यादवकाळातली, हेमाद्रीच्या नावाने ओळखली जाणारी चुन्याशिवायची दगडी बांधणी असो की 1732 साली पुरा झालेला शनिवारवाडा, हे सगळं बापाने मुलाला, काकाने पुतण्याला शिकवलेल्या हातांनी उभं राहिलं. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर गड उभारणाऱ्या हिरोजींचं नाव कोरलेलं आहे. त्यांच्या हाताखाली टाकी चालवणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. या परंपरेचं कौतुक करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. घरातल्या मुलाला हे शिक्षण सहज मिळायचं, घराबाहेरच्याला मिळायचं नाही. घरातल्या मुलीला तर ते डोळ्यांसमोर असूनही मिळायचं नाही.

इंग्रजी अमलात दोन गोष्टी घडल्या. पुण्यात 1854 साली सार्वजनिक बांधकामासाठी हाताखालचे अधिकारी तयार करणारा वर्ग सुरू झाला, त्याचंच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालं. आणि मुंबईत 1857 साली जे. जे. कलाशाळा निघाली. नकाशा काढणारा आणि दगड लावणारा ही दोन वेगळी माणसं झाली, आणि त्यांच्यात मुकादम आला. तरी जे. जे.चा अनुभव निराळा होता. 1878 साली बांधायला घेतलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या कोरीवकामात त्या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. शाळेत शिकलेले आणि कामावर शिकलेले हात तिथे एका इमारतीवर चालले. त्याच मुंबईत तेलंगणातून आलेल्या कामाठ्यांनी भराव घातले, इमारती उभारल्या. कामाठीपुरा हे नाव त्यांच्यावरून पडलं. पालमूर म्हणजे महबूबनगरकडच्या टोळ्या तर धरणांच्या कामावर देशभर फिरल्या. टोळी हीच त्यांची शाळा होती, आणि ती कामाबरोबर मुक्काम हलवायची.

माझ्या लेखी याहून मोठा बदल सिमेंटने केला. पोरबंदरला 1914 साली सिमेंटचं उत्पादन सुरू झालं, पण खेड्यातल्या गवंड्यापर्यंत ते मुबलक पोचलं ते खूप पुढे, 1982 मध्ये त्यावरचं सरकारी नियंत्रण अंशतः आणि 1989 मध्ये पूर्ण उठल्यावर. चुन्याचं काम संथ असतं. भट्टीत भाजलेला चुनखडा विरवायचा, घाणीत सुरखीबरोबर मळायचा, मुरू द्यायचा; तो हवेतला वायू शोषत सावकाश कडक होतो. या संथपणात शिकवायला सवड होती. घाणीच्या चाकामागे चालता चालता मुलाला कितीतरी ऐकायला मिळायचं. सिमेंट कालवल्यावर थोड्याच वेळात वापरावं लागतं, त्यामुळे साइटची चालच बदलली. पण याच सिमेंटने एक दार उघडलंही. सेंटरिंग करणं, सळई बांधणं, स्लॅब भरणं, फरशी आणि टाइल्स बसवणं हे धंदे कोणत्याही जातीच्या वतनातले नव्हते. दुष्काळात गाव सोडलेला कुणीही सळई हातात घेऊ शकला. घराऐवजी टोळीत शिकण्याची रीत खऱ्या अर्थाने इथून पसरली, आणि या पुस्तकातले बहुसंख्य आवाज याच रीतीतून आलेले आहेत.

इतरत्र हे शिक्षण नीट बांधून ठेवण्याचे प्रयत्न झाले आहेत. फ्रान्समधले कॉम्पान्यों, म्हणजे सुतार, दगडकाम करणारे, छप्पर घालणारे तरुण, शिकण्यासाठी गावोगाव फिरतात. प्रत्येक गावी बिरादरीच्या घरात उतरतात, तिथल्या उस्तादांकडे काम करतात आणि शेवटी आपल्या कामाचा एक नमुना सिद्ध करून दाखवतात. त्यांच्यातल्याच आग्रिकोल पेर्दिग्ये या सुताराने 1839 साली या रीतीवर पुस्तक लिहिलं, आणि 2010 मध्ये युनेस्कोने तिची अमूर्त वारशात नोंद केली. जपानात इसे इथलं मंदिर दर 20 वर्षांनी नव्याने बांधतात. गेल्या वेळी ते 2013 मध्ये झालं. या मुदतीत एक हिशेब बसतो. विशीत हरकाम्या म्हणून आलेला सुतार पुढच्या वेळी चाळिशीत मुख्य कामावर असतो आणि त्याच्या पुढच्या वेळी साठीत शिकवायला बसतो. मालीतल्या जेने शहरात मातीच्या मोठ्या मशिदीला दरसाल नवा गिलावा चढतो. गवंड्यांची संघटना तो करवून घेते आणि सगळं गाव हात लावतं. तीनही ठिकाणी शिकवण्यासाठी वेळ मुद्दाम राखलेला आहे. तो उरलासुरला मिळत नाही.

विचारवंतांचं लक्ष इकडे उशिरा गेलं. मायकल पोलान्यी यांनी 1966 च्या पुस्तकात शब्दांत न मावणाऱ्या ज्ञानाची मांडणी केली. गवंड्याच्या बोटाला कळतं ते हेच. जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी 1991 मध्ये शिकणं म्हणजे एखाद्या समूहाच्या कडेवरून हळूहळू आत येणं, असं म्हटलं. लेव्ह यांनी लायबेरियातले शिंपी पाहिले होते. तिथला शिकाऊ पोरगा आधी बटणं लावतो, मग शिवतो आणि कापड कापायला सगळ्यांत शेवटी शिकतो. जिथे चूक स्वस्तात पडते तिथून सुरुवात होते, आणि जिथे नुकसान मोठं तिथे तो शेवटी पोचतो. आपल्या साइटवरची बिगारी ते कोपरा ही वाट अगदी याच क्रमाने जाते. ट्रेव्हर मार्चंड हे अभ्यासक तर येमेनमधल्या सनाच्या मिनारांवर आणि पुढे जेनेच्या गवंड्यांत स्वतः मजूर म्हणून राबले आणि मग लिहिते झाले. मला त्यांची पद्धत सर्वांत विश्वासाची वाटते.

आपल्याकडे वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांनी केरळात जे केलं ते या यादीत वरच्या जागी हवं. ते साइटवर गवंड्यांशेजारी उभे राहून नकाशा बदलत. विटा उभ्या कडेवर ठेवून मधे पोकळी सोडणारी त्यांची भिंत विटा सुमारे पाव हिश्श्याने वाचवते. ही बांधणी पसरली ती एका गवंड्याने दुसऱ्याला दाखवल्यामुळे. बेकर 2007 मध्ये गेले, पण ती भिंत अजून बांधली जाते.

सरकारी वाट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर इतरत्र पुष्कळ लिहिलं गेलं आहे. 1950 पासून आयटीआय, 1961 चा शिकाऊ उमेदवारी कायदा, 2015 पासून कौशल्य विकास योजना आणि तिच्यात कामावर शिकलेल्यांना परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय. ही सोय चांगली आहे. मात्र ती शिकलेल्याला ओळखते, शिकवणाऱ्याला ओळखत नाही. ग्रामीण घरकुल योजनेतलं गवंडी प्रशिक्षण मला अधिक जवळचं वाटतं. 45 दिवसांचं हे प्रशिक्षण लाभार्थ्याच्या खऱ्या घरावर चालतं आणि तिथे शिकवणारा शिकवण्यासाठीच नेमलेला असतो.

आता किल्लारी. बांधकामाच्या शिक्षणावर मराठीत लिहायचं आणि 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट टाळायची, हे शक्य नाही. सुमारे आठ हजार माणसं गेली, त्यांतली बहुतेक आपल्याच घरांच्या भिंतींखाली. लातूर-उस्मानाबादकडची ती घरं रुंद दगडी भिंतींची होती. भिंतीला बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मधे मातीत भरलेले लहानमोठे दगड. दोन्ही थरांना आरपार शिवणारे लांब दगड घातलेले नव्हते. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. गळती लागली की त्यावर आणखी माती. जमीन हलली तेव्हा भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि कोसळले. काही घरांत खणांचा लाकडी सांगाडा मागे उभा राहिला होता.

त्या भिंती बांधणारे गवंडी अडाणी नव्हते, आळशीही नव्हते. त्यांना जसं शिकवलं तसंच त्यांनी बांधलं. हाताखालचं शिक्षण कौशल्य जितक्या इमानाने पोचवतं तितक्याच इमानाने चूकही पोचवतं, आणि पिढीभर जमीन हलली नाही तर ती चूक आहे हे कुणालाच कळत नाही. आजही साइटवर खांबाच्या सळयांभोवतीच्या रिंगचा हूक काटकोनात वळवलेला दिसतो. भूकंपाचा मार सोसायचा तर तो 135 अंशांत, आत काँक्रीटच्या गाभ्याकडे वळलेला हवा. सळई बांधणाऱ्या फिटरने काटकोनच पाहिलेला असतो, त्याच्या हाताखालचाही तोच पाहतो. काँक्रीट सहज सरकावं म्हणून पाणी वाढवणं, पाणी मारायचं काम सात दिवसांऐवजी दोन दिवसांत आटोपणं, ही सगळी एकमेकांकडून शिकलेली कामं आहेत. या शिक्षणावर माझं प्रेम आहे म्हणूनच हे स्पष्ट लिहायला हवं. समूहाला बाहेरून कुणीतरी प्रश्न विचारणारं लागतं.

असा प्रश्न भूकंपानंतर विचारला गेला, आणि तो विचारणाऱ्यांत बायका होत्या. 52 गावं नव्या जागी वसवली गेली, पण त्याहून कितीतरी अधिक गावांत जुनी घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साथीने महिला मंडळं त्या कामात उतरली. काय बांधलं जातंय, पैसा कुठे जातोय, भिंतीत आरपार दगड पडतोय का, हे त्या पाहू लागल्या. 2001 च्या भूकंपानंतर लातूरकडच्या बायका कच्छमध्ये गेल्या आणि तिथल्या बायकांशी बोलल्या. संकटातून शिकलेलं एका समूहाने दुसऱ्या समूहाला थेट दिल्याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. तरीही मराठी मुलखातल्या साइटवर बाई आजही बहुतांशी घमेलंच वाहते. बिगारी म्हणून ती नवऱ्याबरोबर येते, त्याच्याइतकीच वर्षं गवंड्याशेजारी उभी राहते, तिला सगळं दिसतं, आणि करणी तिच्या हातात येत नाही. झारखंडात शौचालयं बांधताना 'रानी मिस्त्री' तयार झाल्या. म्हणजे अडचण हाताची नाही, वाव देण्याची आहे.

हे पुस्तक आत्ताच यायला हवं होतं, कारण टोळीची रचना डोळ्यांदेखत बदलते आहे. मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती ओततात, काँक्रीट गाडीतून तयार येतं, गिलाव्याच्या जागी जिप्सम आलं. आकडा पाहून पॅनेल जोडायला नवा माणूस लवकर शिकतो, पण त्या कामातून त्याला दुसऱ्या कामाकडे जाणारी पायरी मिळत नाही. उरलेलं बरंच काम उक्तं दिलेलं असतं. चौरस फुटावर पैसे मिळत असतील तर मिस्त्री नवख्याच्या हातात करणी कशी देईल? त्याने वाया घालवलेला प्रत्येक तास मिस्त्रीच्या खिशातून जातो. दुसरीकडे, 2025 मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांतले 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतले 11 महाराष्ट्रातले. त्यांची डागडुजी सिमेंटने करता येत नाही. चुना मळणारे आणि टाकीने दगड घडवणारे हात आपल्याला लागणारच आहेत, आणि असे हात थोडे उरले आहेत. बांधकाम खर्चावरच्या उपकरातून कामगार कल्याण मंडळाकडे पैसा जमतो. साइटवर शिकवणाऱ्या मिस्त्रीला त्यातून शिकवण्याच्या तासांचा रोज का मिळू नये, हा प्रश्न मी इथे जाणीवपूर्वक विचारून ठेवतो.

या संग्रहाने स्वतःपुढे मर्यादित काम ठेवलं आहे. हे गवंडीकामाचं क्रमिक पुस्तक नाही. हे वाचून कुणाला स्लॅब भरता येणार नाही. गवंडी, सुतार, फिटर, सेंटरिंगवाले, टाइल्स बसवणारे आणि बिगारी बायका यांनी आपण कसे शिकलो ते सांगितलं, आणि संपादकांनी ते त्यांच्या बोलीत राहू दिलं. कोकणातला जांभ्याचे चिरे लावणारा आणि मराठवाड्यातला काळ्या दगडाचा गवंडी यांचे शब्दही वेगळे आहेत आणि शिकवण्याच्या तऱ्हाही. ते फरक सपाट केलेले नाहीत. भांडणं आहेत, मार खाल्ल्याच्या हकिकती आहेत, उस्तादाने मुद्दाम लपवून ठेवलेल्या गोष्टी आहेत. शिकवणाऱ्यांना देव्हाऱ्यात बसवलेलं नाही, हा मला या संग्रहाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. उणीव एकच जाणवते. परप्रांतांतून आलेल्या कामगारांची मनोगतं फार थोडी आहेत, आणि आज महाराष्ट्रातल्या मोठ्या साइटवर तेच बहुसंख्येने आहेत. पुढच्या खंडात त्यांना जागा मिळावी.

वाचकाने कुठूनही सुरुवात करावी. ज्याने साइट कधी आतून पाहिली नाही त्याने सळई बांधणाऱ्यांच्या भागापासून सुरुवात केली तर बरं, कारण तिथे रिंगच्या हुकावरून दोन पिढ्यांत झालेला वाद आहे आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी ऐकण्यासारख्या आहेत. तरुण अभियंत्यांनी मात्र बिगारी बायकांचा भाग आधी वाचावा, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या साइटवर कुणाच्या हातात कोणतं हत्यार आहे ते बघावं.